शिलाई मशीनचा विजेचा दोष : आधी घर तपासा, मग मशीन



ऊस नोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना उसाखेरीज इतर अडचणीही आमच्या कानांवर येतात. गेल्या उन्हाळ्यात केडगाव भागातील एका वस्तीवर वहिनी म्हणाल्या, "साहेब, मशीनला हात लावला की चिमटे काढल्यागत होतंय. म्हणून पाय पाटावर ठेवून शिवते." मशीन दोनदा दुरुस्तीला जाऊन आले होते. तिथे दोष काही सापडला नव्हता.

केडगावला शिवणकाम नवे नाही. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात त्यांच्या हयातीतच, म्हणजे १९२२ च्या आधी, मुलींना शिवण-विणकाम शिकवीत. आज घरोघरी पायमशीनला मोटर बसली आहे. म्हणून दोष कसा शोधावा, त्याचा क्रम देत आहोत. बोर्डातून पिन काढल्याशिवाय मशीन, मोटर वा पॅडल उघडू नये, हा पहिला नियम.

१) मशीन अजिबात चालत नाही : त्याच बोर्डावर दुसरा दिवा लावून पाहा. दिवा लागला नाही तर दोष बोर्डात किंवा फ्यूजमध्ये. दिवा लागला तर पिन आणि वायर पाहा. वायर बहुधा पॅडलजवळ, जिथे रोज वाकते, तिथेच आतून तुटते. मशीनचा दिवा लागतो पण मोटर गप्प, असे असेल तर पॅडल किंवा मोटरचे कार्बन ब्रश तपासून घ्यावेत.

२) मोटर गुणगुणते, पण चाक फिरत नाही : पिन काढून चाक हाताने फिरवा. जड लागले तर शटलमध्ये दोरा अडकला आहे, तेल सुकले आहे किंवा पट्टा फार ताणला आहे. तशीच दाबून चालवली तर मोटर जळते.

३) मोटरीत मोठ्या ठिणग्या, जळका वास : ब्रश झिजले असतील. दोन्ही एकदम बदलावेत. तेल मशीनला द्यावे, मोटरीत जाऊ देऊ नये.

४) पाय काढला तरी मोटर चालूच : ताबडतोब पिन काढा. पॅडल बिघडले आहे.

५) मोटर मंद चालते : व्होल्टेज कमी असेल. पंपाची मोटर कमी व्होल्टेजवर जास्त वीज ओढून जळते. ही ब्रशची मोटर बहुधा नुसती मंदावते. म्हणून लगेच नवी घेऊ नये.

आता त्या चिमट्यांविषयी. वायरमनला बोलावून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. न्यूट्रल तुटली म्हणून कोणी तरी अर्थिंगच्या सळईवरच घरची वीज चालवली होती. पावसाळ्यात सळईभोवती ओल असते, वीज जमिनीत मुरते. उन्हाळ्यात जमीन वाळली की वाट उरत नाही. मग तीच वीज अर्थिंगच्या तारेने मशीनच्या लोखंडी अंगावर येते. दुकानातले अर्थिंग ठीक, म्हणून तिथे दोष दिसला नाही!

ऊस पिवळा पडला की आपण पानावर औषध मारण्याआधी बुडखा उकरून हुमणी पाहतो. इथेही तसेच. पाटावर पाय ठेवल्याने दोष जात नाही, झाकला जातो. ओल्या हाताने किंवा पोराबाळाने मशीनला हात लावला तर तोच जिवावर बेतेल.

तेव्हा झिणझिणी आली की शिवण थांबवा, मेन स्विच बंद करा. न्यूट्रल आणि अर्थिंग या दोन तारा वेगळ्या आहेत ना, हे परवानाधारक वायरमनकडून पाहून घ्या. ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विचही बसवून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे. पण ते जोडणी ठीक झाल्यावर. जोडणीला तो पर्याय नव्हे.

उसाचे बिल दरसाल येते, माणूस एकदाच. कळावे.

— ऊस विकास अधिकारी