परदेशातले भाड्याचे घर आणि एकटी प्रवासी

प्रश्न : परदेशात एकट्या स्त्रीने हॉटेलऐवजी भाड्याचे घर घेतल्यास कोणते धोके संभवतात?

उत्तर : हॉटेलात रात्री-अपरात्री हाकेला धावणारे कोणीतरी असते, भाड्याच्या घरात बहुधा कोणी नसते. मुख्य फरक हाच. त्यातही खरी मेख किल्लीची. आधीचे पाहुणे, सफाई कामगार, मालकाचे नातेवाईक यांपैकी कोणाकडे तिची नक्कल आहे, हे कळायला मार्ग नसतो. दार आकड्यांच्या कुलुपाचे असेल, तर मुक्कामाआधी आकडे बदलून मागता येतात. साधे असेल, तर आतली कडी किंवा दाराखाली सरकवायची रबरी पाचर उपयोगी पडते. ही पाचर स्वस्त असते, बॅगेत जागाही फारशी घेत नाही.

दुसरा धोका छुप्या कॅमेऱ्याचा. घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने 30 एप्रिल 2024 पासून जगभर घराच्या आत कॅमेरे लावण्यास बंदी घातली. बाहेरचे कॅमेरे मात्र आधी कळवून लावता येतात. बंदी कागदावर असते, त्यामुळे पलंग व न्हाणीघराकडे रोखलेले घड्याळ, धूरसूचक, चार्जर तपासलेले बरे.

मालक त्याच घरात राहतो का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे. पैसे आरक्षणाच्या संकेतस्थळाबाहेर दिले, तर परताव्याचे संरक्षण सहसा उरत नाही. पत्ता स्थानिक लिपीत लिहून ठेवावा. युरोपीय संघातील सर्व देशांत आपत्कालीन क्रमांक 112 आहे. भारतीय दूतावासाचा क्रमांक निघण्यापूर्वीच नोंदवावा.