आडवं शेल्फ, बसायला बाक

प्रश्न : हॉलमध्ये खिडकीखाली बसता येईल आणि आत खेळणी मावतील, असा बाक हवा आहे. सुताराकडून करून घेणं परवडत नाही. तयार शेल्फ चालेल का?

उत्तर : चालेल. आयकियाचं चार कप्प्यांचं ‘कॅलॅक्स’ त्यासाठी जगभर आडवं टाकलं जातं. लांबी सुमारे १४७, खोली ३९ सेंटिमीटर. आडवं केल्यावर उंची ४२, म्हणजे जवळजवळ खुर्चीएवढी.

मात्र त्याच्या बाहेरच्या फळ्या भरीव नसतात. आत कागदाची जाळी असते, त्यामुळे मधोमध मारलेला स्क्रू पकड घेत नाही. चाकं हवी असतील तर खाली १८ मिलिमीटरचा प्लायवूड जोडून त्यावर बसवावीत. बसणाऱ्याचं वजन सगळीकडे विभागलं जावं म्हणून वरही तसाच तुकडा आणि त्यावर गादी. कप्पा ३३ सेंटिमीटर चौरस. वेताच्या टोपल्या त्याच मापाने घ्याव्यात.

खरा शत्रू पाणी. शेल्फमधला पार्टिकल बोर्ड ओलाव्याने फुगतो आणि पूर्ववत होत नाही. मुंबई-कोकणात तर बाक पायांवर उचलून ठेवावा, कापलेल्या कडांना एज बँड लावावा. तेच शेल्फ उभं ठेवायचं असल्यास भिंतीला पक्कं करणं अनिवार्य. मुलं त्यावर चढतातच.