नाणं गायब होतं ते नजरेत

प्रश्न : गॅदरिंगमध्ये मी नाणं गायब करतो, पण पुढच्या रांगेतली मुलं लगेच ओरडतात, ‘त्या हातात आहे!’ हाताचा वेग कसा वाढवू?

उत्तर : वेग वाढवू नका, कमी करा. घाई दिसली की मुलांना संशय येतोच. पाच रुपयांचं नाणं उजव्या हातातून डाव्या हातात दहा वेळा खरोखर द्या. बोटं कशी मिटतात, मान कुठे वळते, ते आरशात बघा. अकराव्या वेळी सगळं तसंच करा, फक्त नाणं उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या मुळाशी राहू द्या. तिथे अंगठा ताठ होतो, बहुतेकांचा होतो, आणि चोरी पकडली जाते. हात सैल सोडा. नजर मात्र डाव्या मुठीवरच हवी, प्रेक्षक तुमच्या डोळ्यांमागून जातात. घड्याळं बनवणारे फ्रेंच जादूगार रॉबेर-उदँ (१८०५–१८७१) जादूगाराला नट मानत, ते मला पूर्ण पटतं. मूठ लगेच उघडू नका. एखाद्या मुलाला फुंकर मारायला सांगा, मग एकेक बोट उलगडा. ‘पुन्हा, पुन्हा’ असा कितीही गलका झाला तरी तोच प्रयोग लगेच दाखवू नका. दुसऱ्या वेळी मुलं थेट उजव्या हाताकडेच बघतील.