हलगीचा कडकडाट आणि घोड्याचा कान

प्रश्न : जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांपुढे हलगी कडाडली की जवळचा घोडा बिथरतो. प्राण्यांच्या कानाच्या नळीतच आवाज वाढतो, हे खरे का?

उत्तर : खरे आहे, आणि ते माणसाच्या कानातही घडते. कानाची नळी बाहेर उघडी, तर आत पडद्याने बंद. तिच्या लांबीच्या साधारण चौपट तरंगलांबीचा आवाज तिच्यात घुमतो. हाच अनुनाद. माणसाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटरची. त्यामुळे ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज पडद्यापाशी १० ते १५ डेसिबलने चढतो. नळी लांब असेल, तर हा चढ खालच्या स्वरांकडे सरकतो.

मात्र सगळे श्रेय नळीला देणे चूक ठरेल. माणूस २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, घोडा सुमारे ३३,००० पर्यंत आणि कुत्रा ४५,००० पर्यंत. ही वरची मर्यादा मुख्यतः मधल्या कानातली हाडे आणि आतला कान ठरवतात. बाहेरची पाळीही आवाज गोळा करते. घोडा ती हवी तिकडे वळवतो.

हलगीच्या टिपरीचा फटका क्षणार्धाचा, पण त्यात खालपासून वरपर्यंतचे स्वर असतात. पडदा आवळून कानाला जपणारे स्नायू त्या फटक्यानंतरच आकसतात, म्हणजे पहिला घाव बसतोच. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. दगडी भिंतींच्या आवारात तेवढा उतरत नाही. म्हणून जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, घोडा आणणाऱ्यांनी त्याला वाजंत्र्यांपासून लांब, उघड्यावर उभे करावे.