चिकूला पिंजऱ्यातच ठेव

मुंबई

चि. बाळ,


चिकू मान वर करत नाही, वाटीकडे वाकताना केकाटतो, काल तुझ्यावर दातही उगारले, असं लिहिलंस. त्याला ओरडू नकोस. दुखतंय म्हणून तो तसं करतोय. डॅशहंडसारख्या बुटक्या, लांबोड्या कुत्र्यांत मणक्यांमधली गादी तरुणपणीच कडक होते, फुटते आणि मज्जारज्जूवर दाबते. मानेत हे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमध्ये होतं. तरी आधी डॉक्टरांना दाखव, मान इतर आजारांतही आखडते.

गळ्यातला पट्टा आजच काढ, छातीवरून जाणारा घाल. वाटी त्याच्या छातीइतकी उंच ठेव. तेल लावून मान चोळायला कोणी पुढे आलं, तर हात जोडून नको म्हण.

औषध डॉक्टर देतील तेच. घरातली अंगदुखीची गोळी अजिबात नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. डॉक्टर बदललास तर आधीची चिठ्ठी दाखव. सूज उतरवणारी गोळी आणि स्टेरॉइड एकत्र पोटात जाता कामा नये.

खरी कसोटी पुढेच आहे. औषध लागू पडलं की दोन-चार दिवसांत तो शेपटी हलवेल, बाहेर सोड म्हणून रडेल आणि घरात सगळ्यांना दया येईल. दुखणं थांबलेलं असतं, फाटलेली गादी मात्र भरलेली नसते. या दिवसांत मारलेली एक उडी त्याला पांगळा करू शकते. म्हणून निदान चार आठवडे पिंजरा, उभं राहून वळता येईल एवढाच. बाहेर फक्त शी-शूसाठी, तेही पट्टा धरून. ओटा, खाट, स्कूटरवर पुढे उभं राहणं बंद. तुमच्याकडे महालक्ष्मीच्या जत्रेला पाहुणे येतील, पोरं पिंजरा उघडतील. कुलूप लाव, किल्ली तुझ्याकडे ठेव.

पंजा उलटा पडू लागला, चाल झोकांडू लागली, उठता येईना किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नकोस. औषधांनी कळ थांबेनाशी झाली तरी त्याला इकडे मुंबईत परळला आण. मज्जारज्जूवरचा दाब साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो. ऑपरेशन लागलंच, तर ते गळ्याच्या बाजूने करतात. तुमच्या कासाहून परळ शंभरावर किलोमीटर. त्याला फळीवर आडवा ठेव, मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लाव, गाडी सावकाश चालवायला सांग. निघताना फोन कर, कितीही रात्र असो.

तुझा,
मामा