इंटरनेट : दारापर्यंत आलेले ज्ञान

प्रास्ताविक

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. छत्तीसगढचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, तेव्हापासून येथे मराठी कुटुंबे राहत आली आहेत. घरात मराठी, दुकानात हिंदी, खेड्यातून आलेल्या गिऱ्हाइकाशी छत्तीसगढी आणि बिलावर इंग्रजी अशा चार भाषांशी येथील मराठी तरुणाचा एकाच दिवसात संबंध येऊ शकतो. यांपैकी पहिल्या तीन भाषा सतत कानावर पडतात, म्हणून त्या सहज येतात. इंग्रजी मात्र तो वाचतो अधिक आणि ऐकतो कमी. दिवसा काम करून मुक्त विद्यालयातून शिकणाऱ्या अशा विद्यार्थ्याला खिशातील मोबाईल कितपत उपयोगी पडेल? या पाठात आपण इंटरनेटचे लाभ आणि मर्यादा यांचा विचार याच दृष्टीने करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• इंटरनेटचे कार्य थोडक्यात सांगू शकाल;
• त्याचे लाभ आणि तोटे उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• इंग्रजीच्या अभ्यासासाठी त्याचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

१. इंटरनेट म्हणजे काय?

जगभरातील संगणकांना परस्परांशी जोडणारे जाळे म्हणजे इंटरनेट, अर्थात आंतरजाल. आपण पाठवलेला मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. हे तुकडे वेगवेगळ्या मार्गांनी प्रवास करतात आणि इच्छित स्थळी पोहोचल्यावर पुन्हा जोडले जातात. या जाळ्याचा आरंभ अमेरिकेत झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तेथील दोन संस्थांमधील संगणकांवरून 'लॉगिन' हा शब्द पाठवण्याचा प्रयत्न झाला. त्यातील पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली! पुढे १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी मांडलेल्या कल्पनेतून 'वर्ल्ड वाइड वेब' साकार झाले. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी ही सेवा सुरू केली. आरंभी टेलिफोनच्या तारेवरून मिळणारी ही सेवा महाग आणि मंद होती. आज ती मोबाईलमधून घरोघरी पोहोचली आहे.

२. इंटरनेटचे लाभ

पहिला लाभ म्हणजे वेळ आणि अंतर यांची बचत. परीक्षेचा अर्ज, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल यांसाठी पूर्वी रांगेत उभे राहावे लागे. आता ही कामे बसल्या जागी होतात.

दुसरा लाभ ज्ञानाचा. मराठी विश्वकोशाचे मोठे खंड प्रत्येकाला विकत घेता येत नाहीत. त्यांतील नोंदी आता आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून उपलब्ध आहे. मुक्त विद्यालयाची पाठ्यपुस्तके आंतरजालावर आहेत आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्' या शासकीय मंचावर शालेय अभ्यासक्रमही आहेत. ज्याला ठरावीक वेळी वर्गात जाणे शक्य नाही, त्याला रात्री दुकान बंद झाल्यावरही पाठ ऐकता येतो. मुक्त शिक्षणाच्या विद्यार्थ्याला हा मोठाच आधार आहे.

तिसरा लाभ भाषेचा. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला मराठी वृत्तपत्र रोज मिळेलच असे नाही. इंटरनेटमुळे रायपूरचा वाचक पुण्याचे वृत्तपत्र त्याच सकाळी वाचू शकतो.

३. इंटरनेट आणि इंग्रजीचा अभ्यास

इंग्रजी भाषेत लेखन आणि उच्चार यांचा मेळ नेहमीच बसत नाही. 'पश्चिम' या अर्थाचा आणि 'बंडी' या अर्थाचा असे दोन इंग्रजी शब्द देवनागरीत आपण 'वेस्ट' असेच लिहितो. वस्तुतः पहिल्याच्या आरंभी 'डब्ल्यू' आहे, तर दुसऱ्याच्या आरंभी 'व्ही'. पहिला उच्चारताना ओठांचा चंबू होतो आणि दुसरा उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. मराठीत या दोहोंसाठी 'व' हे एकच अक्षर असल्याने हा भेद आपल्या कानाला जाणवत नाही. तो केवळ वाचूनही कळत नाही. आंतरजालावरील शब्दकोशात शब्दाचा उच्चार हवा तितक्या वेळा ऐकता येतो. चारचौघांत चुकलो तर लोक हसतील, ही भीतीही तेथे नसते.

मात्र येथेच एक मोह उभा राहतो. मराठी वाक्य लिहिताच त्याचे इंग्रजी रूप देणारी साधने आता सर्वांच्या हाती आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने तर क्षणात संपूर्ण निबंध लिहून देतात. या साधनांकडून चुकाही होतात. दिवसाच्या पहिल्या विक्रीला मराठी दुकानदार 'भवानी' म्हणतो. 'अजून भवानी झाली नाही' या वाक्यातील 'भवानी' हे यंत्राने देवीचे नाव मानले, तर सगळाच अर्थ बिघडेल. ही चूक ओळखण्यासाठी वापरणाऱ्याला दोन्ही भाषा थोड्या तरी यायला हव्यात. आणि समजा, भाषांतर निर्दोष झाले, तरी ते यंत्राला आले, विद्यार्थ्याला नव्हे. परीक्षागृहात किंवा मुलाखतीत त्याला स्वतःच्याच शब्दांवर अवलंबून राहावे लागते.

म्हणून पुढील क्रम उपयुक्त ठरेल. प्रथम दोन-तीन वाक्यांचा उतारा ऐकावा. तो न पाहता वहीत लिहावा. मूळ मजकुराशी ताडून चुका दुरुस्त कराव्यात. मग तो मोठ्याने वाचावा. शेवटी त्याच विषयावर स्वतःची दोन वाक्ये लिहून जाणत्या व्यक्तीला दाखवावीत. यंत्राचे साहाय्य घ्यायचे असेल, तर ते स्वतः लिहिल्यानंतर घ्यावे, लिहिण्यापूर्वी नव्हे.

४. तोटे आणि धोके

इंटरनेटवर लिहिणारा प्रत्येक जण जाणकार असतोच असे नाही. तेथे खरी माहिती आणि अफवा शेजारी शेजारी नांदतात. यासाठी माहिती कोणी दिली, केव्हा दिली आणि ती अन्यत्र पडताळता येते काय, हे तीन प्रश्न विचारावेत.

आर्थिक फसवणूक हा दुसरा धोका होय. बँकेचा सांकेतिक क्रमांक कोणालाही सांगू नये. दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून 'अटक' करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

तिसरा तोटा वेळेच्या अपव्ययाचा. शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी उघडलेल्या मोबाईलवर चित्रफिती पाहण्यात तास कधी निघून जातो, हे कळतही नाही. दिवसभर राबून अभ्यासाला जेमतेम एक तास मिळणाऱ्याचे यात सर्वाधिक नुकसान होते.

५. छत्तीसगढचा अनुभव

२०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. त्या वर्षी एप्रिल महिन्यात छत्तीसगढ शासनाने 'पढई तुंहर दुआर' ही योजना सुरू केली. 'शिक्षण तुमच्या दारी' असा या छत्तीसगढी शब्दांचा अर्थ. आंतरजालावर पाठ, चित्रफिती आणि वर्ग उपलब्ध झाले. परंतु अनेक घरांत त्यासाठी लागणारा मोबाईल नव्हता आणि कित्येक गावांत जोडणी पोहोचत नव्हती. तेव्हा 'पढई तुंहर पारा' या नावाने वस्त्यावस्त्यांत मोकळ्या जागी लहान वर्ग भरू लागले. काही गावांत ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवण्यात आले. 'बुलटू के बोल' या उपक्रमात ध्वनिमुद्रित पाठ ब्लूटूथद्वारे एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये देण्यात आले. 'बुलटू' हे ब्लूटूथचेच छत्तीसगढी रूप!

या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ज्याच्याजवळ साधन नाही, त्याच्यापर्यंत इंटरनेटचा लाभ आपोआप पोहोचत नाही. आणि पाठ दारापर्यंत आला, तरी तो समजावून देणारे माणूस लागतेच.

समारोप

इंटरनेटला वरदान किंवा शाप ठरवून त्याचा विचार संपत नाही. पंडरीच्या बाजारात कापडाचा कितीही माल असला, तरी आपल्या गरजेचे कापड पारखून, मापून आणि शिवून घ्यावे लागते. इंग्रजीसह कोणत्याही विषयाची सामग्री इंटरनेट विपुल देते. त्यातील योग्य ते निवडणे, त्याचा रोज सराव करणे आणि चुका दाखवणाऱ्या माणसांशी संबंध ठेवणे, हे विद्यार्थ्याचे काम आहे.

स्वाध्याय

१. इंटरनेटवरून पाठवलेला मजकूर इच्छित स्थळी कसा पोहोचतो?
२. 'वेस्ट' या शब्दाच्या उदाहरणातून लेखकाला काय सांगायचे आहे?
३. कारण लिहा : 'पढई तुंहर दुआर' या योजनेनंतर 'पढई तुंहर पारा' हा उपक्रम हाती घ्यावा लागला.
४. तुमच्या व्यवसायातील किंवा घरातील असे तीन मराठी शब्द लिहा, ज्यांचे शब्दशः इंग्रजी भाषांतर केल्यास अर्थ बिघडेल. त्यांचा खरा अर्थ स्पष्ट करा.
५. तुम्ही एका आठवड्यात मोबाईलवर किती वेळ घालवला आणि त्यातील किती वेळ अभ्यासाला दिला, याची नोंद ठेवा. त्यावरून दहा ओळींचा परिच्छेद लिहा.