वृद्धांच्या छातीचा मुका मार

ओट्याच्या पायरीवरून पाय घसरून एखादे वृद्ध गृहस्थ छातीवर आपटतात. जखम दिसत नाही, रक्त येत नाही. घरची मंडळी तेल चोळतात, छातीला घट्ट फडके बांधतात आणि ‘मुका मार आहे, दोन दिवसांत उतरेल’ असा धीर देतात. मात्र याच दोन दिवसांत जिवावर बेतू शकते.

रक्त कोठे साठते?

बरगड्यांच्या बारा जोड्या छातीचे रक्षण करतात. वयोमानाने हाडे ठिसूळ होतात. म्हणून तरुणाला केवळ ठणका देणारा आघात वृद्धाची बरगडी मोडू शकतो. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिनी जाते. ती फाटल्यास रक्त फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीत साठते. प्रौढाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यापैकी दीड लिटरहून अधिक रक्त या पोकळीच्या एकाच बाजूस मावू शकते. फुफ्फुस दबते आणि रक्तदाब खालावतो.

फसवी लक्षणे

रक्तदाबाच्या काही औषधांमुळे वृद्धांची नाडी अपेक्षेप्रमाणे जलद होत नाही. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास रक्तस्राव लवकर थांबत नाही. कधी तो काही तासांनी वा दिवसांनीही सुरू होतो. म्हणून पहिले क्ष-किरण चित्र निर्दोष आले तरी निर्धास्त राहू नये. वाढती धाप, श्वास घेताना तीव्र कळ, थंड घाम, घेरी किंवा गोंधळलेले बोलणे दिसताच विलंब करू नये.

काय करावे?

छाती चोळू नये, आवळून बांधू नये. मान वा पाठीस इजा झाल्याचा संशय नसेल, तर रुग्णास टेकून बसवावे. चालू औषधे बरोबर घ्यावीत. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेस कळवावे. रुग्णालयात बहुतेक रुग्णांच्या बाबतीत बरगड्यांमधून नळी घालून साठलेले रक्त काढणे पुरेसे होते. थोड्यांनाच मोठी शस्त्रक्रिया लागते. अट एकच : रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे.

ग्रामसभेत, शाळेच्या पालकसभेत ही माहिती सांगितली जावी. पडलेला वृद्ध उठून चालू लागला, एवढ्यावरून तो सुखरूप आहे असे मानू नये. त्याच दिवशी त्याची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि पुढील काही दिवस त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे.